अंगठ्यावर विणलेले मोजे

क्रोशाची सुई मी कोयनानगरला असताना हातात घेतली. आमचे मालक तिथे धरणाच्या कामावर होते आणि कॉलनीत आम्हाला दोन खोल्या होत्या. पावसाळ्यात तिथे कपडे वाळत नाहीत आणि माणसं घराबाहेर पडत नाहीत. शेजारी एका कारकुनाची बायको राहायची, तिच्याकडे सुई आणि दोरा होता. तिने मला शिकवलं ते माझी आवड बघून नव्हे, तिला बोलायला कुणीतरी समोर बसलेलं हवं होतं. साखळी कशी घालायची आणि साखळीत सुई घालून खांब कसा उभा करायचा, एवढंच तिने दाखवलं. बाकीचं मी उसवून उसवून शिकले. माझी शाळा चौथीपर्यंत. पुस्तकातल्या नमुन्यांच्या खुणा मला कळत नाहीत. वस्तू समोर ठेवली तर बघून करते.

मग मी तोरणं केली, रुमाल केले, टीव्हीवर घालायचं झाकण केलं. टीव्ही चपटे झाले तेव्हा ते झाकण मिक्सरवर गेलं. पण सगळ्यात जास्त केले ते बाळाचे मोजे. भावकीत बारसं असलं की माझा आहेर ठरलेला. लोकरीचे मोजे, घोट्यापाशी नाडी आणि नाडीच्या टोकांना गोंडे. माझे गोंडे चांगले होतात. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

मोजे वाढत्या मापाचे. आमच्याकडे लहान मुलाचं काहीही बेताच्या मापाचं घेत नाहीत. शाळेची पँट घ्यायची तर खाली दुमडायला कापड पाहिजे, चप्पल घ्यायची तर पुढे बोटभर जागा पाहिजे. बाळाचे मोजेही मी तसेच करत आले. बारशाच्या दिवशी पायातून गळतात आणि मूल उभं राहायला लागलं की नीट बसतात. तोवर त्यातला एक हरवलेला असतो. कुणी कधी तक्रार केली नाही. आहेराच्या वस्तूची तक्रार कोण करतं?

माझ्या नातवाची बायको सांगलीची, विश्रामबागेतली. नातू फौजेत आहे. औंधच्या आसपासच्या आमच्या गावांत बहुतेक घरांतून एक तरी माणूस फौजेत असतो, त्यात विशेष काही नाही. नातसून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा मी फिकट हिरवी लोकर आणून फडताळात ठेवली. सुई मात्र लावली नाही. मूल पोटात असताना त्याच्यासाठी काही शिवायचं-विणायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे. मूल हातात आलं की मग करायचं. बारा दिवस मिळतात, मोजे एका दिवसात होतात, म्हणून मी निवांत होते.

मूल आठव्या महिन्यातच आलं. ऐन थंडीत. सकाळी नातसुनेच्या आईचा फोन आला, मुलगी झाली, लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवली आहे. मी विचारलं, "रडली का?" त्या म्हणाल्या, "रडली." मग मी लोकर बाहेर काढली. माझ्या सुनेने, म्हणजे बाळाच्या दुसऱ्या आजीने, माझ्याकडे बघितलं.

"आत्या, जरा थांबा की. काय हुतंय बघू."

"काय व्हायचं? मूल झालंय. आता पोटात न्हाई. मोजे विणायला आता हरकत न्हाई."

"तसं न्हवं वो..."

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. पण लोकर फडताळात ठेवून काही होणार नव्हतं आणि विणूनही काही बिघडणार नव्हतं. दुपारपर्यंत मोजे झाले. गोंडे केले. दृष्ट लागू नये म्हणून दोन्ही मोज्यांना एकेक काळा मणी शिवला. दुसऱ्या दिवशी सुनेचा हात धरून एसटीने विटा, तासगाव करत सांगलीला पोचले. घरी दोन म्हशी होत्या, म्हणून सून बाळ बघून परतली. मी राहिले. मला घरी कुणी शोधत नव्हतं.

दवाखान्यात बाळाला आधी काचेतून बघितलं. मी बरीच मुलं बघितली आहेत, पण एवढं लहान मूल बघितलं नव्हतं. पावणेदोन किलोलाही थोडं कमी. अंगावर कातडी सैल, नाकात नळी. मला वाटलं तसं लिहिते. मला वाटलं, ह्या मोज्यांच्या मापाची ही पोरगी व्हायला लय दिवस लागतील.

पण ती तगडी निघाली. नळी निघाली, आईचं दूध वाटी-चमच्याने पोटात राहायला लागलं, आणि काही दिवसांनी सिस्टर म्हणाली की आता तिला पेटीतून काढून आईच्या छातीवर ठेवायचं. उघड्या अंगाला उघडं अंग, वरून कापडाने बांधायचं, दिवसभर. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, डोक्याला टोपी आणि पायांत मोजे. ही सिस्टर चाळिशीची, ठेंगणी आणि स्पष्ट बोलणारी. तिने नातसुनेला आणि मला समोर बसवून समजावलं.

"आजी, ह्या बाळांना स्वतःची ऊब धरता येत नाही. पाय गार पडले की समजायचं, सगळी ताकद ऊब राखण्यात जायला लागली. मग दूध पचत नाही, वजन वाढत नाही. वजन वाढलं तर घरी सोडणार. पाय गार राहिले तर परत पेटीत. दर थोड्या वेळाने हाताची उलटी बाजू तळपायाला लावून बघायची. एवढं एकच काम."

नातसून मान हलवत होती, पण तिचे डोळे पेटीकडे होते. बाळ झाल्यापासून तिने त्याला उचललं नव्हतं. उचलायला दिलंच नव्हतं, आणि आता द्यायची वेळ आली तर हात पुढे होत नव्हते. मला म्हणाली, "आजी, माझ्या हातून काही झालं तर?"

"काय हुणार? पोरगी तुझीच हाय. ती बी घाबरत असंल, आई पाडंल म्हणून."

ती हसली नाही. सिस्टरने मोजे मागितले. मी पिशवीतून काढून दिले. सिस्टरने एक मोजा उंच धरला, आत तीन बोटं घातली, फिरवला आणि म्हणाली, "आजी, ह्यात पाय घालायचाय का बाळाला बसवायचंय?"

त्या खोलीत आणखी तीन आया होत्या. सगळ्या हसल्या. नातसूनसुद्धा हसली, आणि मी म्हटलं, चला, मोज्यांचा काहीतरी उपयोग झाला.

"वाढत्या मापाचे हाईत," मी म्हटलं.

"वाढल्यावर आणा. आणि हा गोंडा?"

"गोंडा शोभंला असतो."

"शोभा घरी. गोंड्याचे तंतू बोटांत गुंडाळतात, बोट काळं पडतं. नाडी नको, आवळली जाते. मणी तर अजिबात नको, तुटला तर तोंडात जाईल. ही लोकर पण नको, हिचा केस उडतो, नाकात जातो. मऊ सुती धाग्याचे करा. धुऊन, उन्हात वाळवून आणा."

गोंडा, नाडी, मणी आणि लोकर काढल्यावर माझ्या मोज्यात राहिलं काय? भोक. मला राग आला होता, पण तिचं बरोबर होतं. तिने मोज्यांची एक पुडी कपाटातून काढली, दुकानातले, सगळ्यात लहान मापाचे. ते घालून बघितले. बाळाने पाय झटकला आणि मोजा निघून पडला. परत घातला, परत निघाला. "हे असं होतं," सिस्टर म्हणाली. "चिकटपट्टी लावावी तर कातडी निघते."

त्याच दुपारी नातसुनेच्या आईने बाजारातून सुती धागा आणला. ह्या बाई शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत, घरात शिलाई मशीन आहे. त्या मला आजी म्हणतात आणि मी त्यांना बाई म्हणते. धागा हळदीच्या रंगाचा होता. गुलाबी आणला नाही म्हणून मला बरं वाटलं. सोबत पर्समधून त्यांनी माप घ्यायची टेप काढली.

"पायाची लांबी, घेर, घोटा, सगळं घेऊन येते. मग मोजून विणा."

मी त्यांचा हात धरला. "न्हाई बाई. माप घ्यायचं न्हाई."

"का?"

"आमच्यात घेत न्हाईत."

"अहो आजी, शिंपी घेतोच की माप."

"शिंप्यापुढं माणूस उभा असतो. आडव्या माणसाचं माप आमच्यात एकदाच घेत्यात."

बाईंनी टेप पर्समध्ये ठेवली. सिस्टर मात्र मधे बोलली, "आजी, आम्ही रोज वजन करतो. डोक्याचा घेरपण मोजतो. ह्याच टेपने."

"तुमी काय बी मोजा. तुमचं ते काम हाय. मी मोजणार न्हाई."

हे मी खरंच मानते का, असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. औंधची यमाई मी मानते, तिच्या डोंगराला पायऱ्या चढून जाते. हे तसलं मानणं नाही. पण तिथे, त्या खोलीत, त्या पोरीच्या पायाला माझ्या हाताने दोरी लावायची, हे माझ्याने होणार नव्हतं. माणसाला जे जमत नाही ते जमत नाही.

मग मी हात कोपरापर्यंत धुतले. बांगड्या आधीच काढायला लावल्या होत्या. पेटीच्या भोकातून हात आत घातला आणि माझा अंगठा बाळाच्या तळपायाशेजारी धरला. माप घेतलं नाही, नुसता शेजारी धरला. तिचा पाय माझ्या अंगठ्याएवढा होता. नखापासून अंगठ्याच्या बुडापर्यंत. तेवढाच लांब आणि त्याहून बारीक. बाळाने पायाची बोटं पसरली आणि आकसली. मी हात बाहेर काढला.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं. अंगठा माझ्याजवळच हाय, हरवायचा न्हाई."

विश्रामबागेतल्या त्यांच्या घरात गच्चीवर ऊन चांगलं येतं. तिथे बसून मी पहिली जोडी केली. बारीक सुई, आखूड खांब. चार-सहा साखळ्यांचं कडं करून सुरुवात केली, बोटांकडून वर विणत गेले आणि दर फेरीला मोजा डाव्या अंगठ्यावर चढवून बघितला. अंगठ्यावर मोजा घालून बसलेली म्हातारी बघून शेजारच्या गच्चीवरची मुलं हसत होती. मी त्यांना अंगठा दाखवला. सुती धागा लोकरीसारखा ऐकत नाही. लोकर ताणली तर परत जाग्यावर येते, हा धागा ताणला की तसाच राहतो. शिवाय माझ्या अंगठ्याचं पेर संधिवाताने सुजलेलं असतं, ते मी ध्यानात घेतलं नाही. मोजा पेरावर घट्ट बसला, मला वाटलं झाला.

धुतले, वाळवले, दुसऱ्या दिवशी नेले. बाळ आता आईच्या छातीवर होतं. सिस्टरने नातसुनेला हातच पुढे करायला लावला नव्हता. सरळ गाऊनचं पुढचं बटण काढायला सांगितलं आणि बाळ उचलून आत ठेवलं. बेडकासारखं, पाय दोन्हीकडे. वरून कापड बांधलं. नातसून श्वास धरून बसली होती. मी म्हटलं, "श्वास घे, न्हाईतर तीबी तुझ्यासारखीच धरंल." तेव्हा तिने सोडला.

मोजे घातले. बसले. सगळ्यांनी वाहवा केली. नातवाचा व्हिडिओ फोन आला, बर्फातून कुठूनतरी. त्याला रजा अजून मिळालेली नव्हती. त्याच्या तोंडावर दाढी आणि डोक्यावर टोपडं. म्हणाला, "आजी, माझ्याबी पायाला थंडी वाजती, मला कवा विणणार?"

"तुझ्या पायाला सरकार बूट देतंय की रं."

"सरकारी बुटाला गोंडा नसतो."

"गोंड्याचं नाव काढू नगंस," मी म्हटलं. तो हसला. गोंड्याचं सगळं त्याच्या बायकोने त्याला आधीच सांगितलेलं होतं.

संध्याकाळी सिस्टर फेरीला आली, कापडात हात घातला आणि तिचा चेहरा बदलला. एक मोजा नातसुनेच्या कमरेपाशी पडला होता. दुसरा अर्धा निघालेला. पाय गार. सिस्टरने बाळ काढलं आणि पेटीत ठेवलं. त्या दिवसाचं वजन सकाळी वाढलेलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी थोडं कमीच भरलं.

नातसून भिंतीकडे तोंड करून पडली. म्हणाली, "मला कळायला पाहिजे होतं. माझ्या अंगावरच तर होती."

"मोजा माझा सैल हाय. तू कशाला रडतीस? रडायचं असंल तर मी रडते."

"मग रडा की," ती भिंतीकडेच बघत म्हणाली.

मला रडू आलं नाही. मला त्या मोज्याचा राग आला होता. घोट्याशी नाडी नको म्हटल्यावर मोजा धरणार कशाला? तळपायाला धरतो म्हणावं तर ह्या वयाच्या बाळाला टाचच नसते, म्हणजे असते, पण मोजा अडकण्याएवढी नसते. घोटा आणि पाय सरळ एका रेषेत, काडीसारखा. मी दोन मोजे उसवले आणि बेडशेजारच्या स्टुलावर बसून धागा परत गुंडाळायला लागले.

शेजारच्या खाटेवर जतकडची एक बाई होती. मेंढरं राखणाऱ्यांच्यातली. आता शेतीपण आहे म्हणाली, पण सासरा अजून मेंढरं घेऊन फिरतो. तिला मुलगा झाला होता, तोही अपुऱ्या दिवसांचा, आमच्या पोरीपेक्षा लहान, आणि तो अजून पेटीतच होता. ती दिवसभर बसून माझ्या हाताकडे बघायची.

"आजी, किती येळा उसवताय," ती म्हणाली. "आमची म्हातारी असती तर लोकराचा गोळा तुमच्या डोस्क्यात घातला असता."

"तुमच्या म्हातारीला आण. बघू तिला तरी जमतंय का."

"ती घोंगडं विणती. घोंगड्याला पाय नसत्यात."

भिंतीकडे तोंड केलेली नातसून हसली. खांदे हलले, ते मला दिसले. मग ती वळली. थोडा वेळ माझ्या हातातल्या दोऱ्याकडे बघत राहिली.

"आजी, मोजा घोट्यापर्यंतच का करता?"

"मोजा घोट्यापर्यंतच असतो."

"तो चालणाऱ्या माणसाचा. ही चालत नाही. माझ्या अंगावर असते तेव्हा तिचा गुडघा सगळा वेळ मुडपलेला असतो, बेडकासारखा. गुडघ्याच्या वर गेला तर निघणार कसा? गुडघ्यातच अडकेल."

मी तिच्याकडे बघितलं. पोरगी बी.कॉम. झालेली, सुई कधी हातात धरलेली नाही. मी म्हटलं, "आधी बोलायला काय झालं हुतं?"

"आधी ती माझ्या अंगावर नव्हती."

हे खरं होतं.

मग मी मोजा असा केला नाही, पिशवी केली. टाच नाही, काही नाही. बोटांकडे बंद आणि वर सरळ नळी, गुडघा ओलांडून मांडीपर्यंत. खालचा भाग अंगठ्यावर चढवून बघितला, पण पेराच्या पुढे, जिथे अंगठा बारीक होतो तिथे बसेल एवढा. वरच्या नळीला दर फेरीत सुई साखळीच्या मागच्याच धाग्यात घातली. तसं केलं की वीण पट्ट्या-पट्ट्यांची होते, ओढली तर ताणते आणि सोडली की बरीचशी आवळते. कारकुनाच्या बायकोने हे शिकवलं नव्हतं. मी एकदा चुकून तशी केलेली होती आणि तेव्हा ती चूक म्हणून उसवली होती.

करून झाल्यावर धुतली. धुतल्यावर किती सैल होते ते ह्यावेळी बघितलं आणि दुसरी जोडी त्या अंदाजाने आणखी घट्ट केली. बाईंनी टेप विचारली नाही. गच्चीवर दोरीला त्या चार पिशव्या लटकत होत्या, हळदीच्या रंगाच्या, आणि बाई म्हणाल्या, "आजी, हे काय मोजे दिसत नाहीत. भेंडी दिसते."

"पिकलेली," मी म्हटलं.

दवाखान्यात नेल्या. सिस्टरने आत बोट घातलं, शिवणीला गाठ आहे का बघितलं, उलटी करून बघितली. गाठ मी बाहेरच्या बाजूला घेतली होती. मोजे घालायचं काम तिने नातसुनेला दिलं. नातसुनेने ते घातले. आधी पिशवी पूर्ण गुंडाळून घेतली, बोटांवर ठेवली आणि हळूहळू वर उलगडत नेली, बायका पायातला लांब मोजा घालतात तशी. हे मी तिला सांगितलं नव्हतं. मग बाळ छातीवर गेलं, गुडघे मुडपले, मोजे गुडघ्यांत अडकले. बाळाने पाय झटकला. आम्ही सगळ्या बघत होतो. जतची बाई खाटेवरून उतरून आली होती. मोजा राहिला. परत झटकला. राहिला.

"बस झालं," सिस्टर म्हणाली. "तिला झोपू द्या. सर्कस नाही ही."

संध्याकाळी तिने उलटा हात लावला. दोन्ही पाय बघितले. मग नुसतीच पुढच्या खाटेकडे गेली. तिच्या हिशेबाने ते कौतुक होतं.

त्यानंतरचे दिवस सारखेच गेले. मी सकाळी बाईंच्या स्कूटीवर मागे बसून यायची, दोन जोड्या आळीपाळीने धुऊन आणायची. दिवसभर स्टुलावर बसायची. नातसून बाळ छातीवर घेऊन जेवायची, फोनवर बोलायची, डुलकी घ्यायची. पहिल्यांदा ती बाळासकट झोपली तेव्हा तिचं तोंड उघडं होतं आणि ती घोरत होती. मी उठवलं नाही. बाळाचं वजन कधी वाढायचं, कधी तसंच राहायचं, पण कमी झालं नाही. बारावा दिवस येऊन गेला, बारसं झालं नाही. गावाकडून फोन येत, "बारसं कवा?" मी सांगायची, "पोरगी घरी आली की. पाळणा कुठं पळून जात न्हाई."

मला तिथे बरं वाटत होतं. हे घरी सांगितलं तर सुनेला विचित्र वाटलं असतं. पण खोली उबदार होती, बायकांची थट्टा चालायची, हाताला काम होतं आणि ते काम कुणाच्या तरी पायात जात होतं. बाकीच्या दोन आयांनीही मागितले, त्यांनाही करून दिले. एकीला हिरवा रंग हवा होता. मी म्हटलं, हळदीचा हाय तो घे, पोराला रंग कळत न्हाई. तिने घेतला.

जतच्या बाईसाठी मी न विचारता एक जोडी केली. तिचा मुलगा त्याच आठवड्यात पेटीतून बाहेर यायचा होता. त्याचा पाय माझ्या अंगठ्याहून लहान होता, करंगळीच्या जवळचा. करंगळीवर विणणं अवघड असतं, सुई सारखी टोचते.

मग एका सकाळी सिस्टरने काट्यावर बाळ ठेवलं, आकडा बघितला आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, आज न्या. नातसुनेने मला विचारलं, "आजी, खरंच?" मी म्हटलं, "मला काय विचारतीस? काट्याला विचार."

सामान गोळा करताना मी जतच्या बाईला तिची जोडी दिली. नवी, धुतलेली, पिशवीत बांधलेली. तिने घेतली, कपाळाला लावली आणि खाटेवर ठेवली. मग उभीच राहिली.

"काय? लहान हाईत का?" मी विचारलं.

"न्हाई वो आजी. चांगले हाईत." मग नातसुनेकडे बघून म्हणाली, "ताई, राग नसंल तर एक मागू? ह्यो नवा न्हाई. तुमच्या पोरीच्या पायातला द्या."

"जुना?" नातसून म्हणाली.

"आमच्यात पहिलं आंगडं जगल्या-वाचल्या पोराचंच घालत्यात. नवं घालत न्हाईत. तुमची पोरगी त्यात वाढली. माझ्या पोराचं अजून काय खरं न्हाई."

आमच्यातही तसंच करतात. धष्टपुष्ट मुलाचं जुनं झबलं मागून आणतात आणि नव्या बाळाला घालतात. मला ते सुचलंच नव्हतं, कारण आमच्या पोरीचं जुनं कुणी मागेल असं मला वाटलं नव्हतं. महिन्याभरापूर्वी तिच्याकडे बघून मी काय विचार केला होता तो वर लिहिलाच आहे. आता ती जगलेल्या-वाचलेल्या पोरांत मोजली जात होती. मोजणारी बाई परकी होती आणि तिला त्यात स्वतःचा लाभ दिसत होता. म्हणून मला ते जास्त खरं वाटलं.

पण नातसुनेचा चेहरा उतरला. ती जोडी तिला ठेवायची होती. दुसरी, जास्त घट्ट केलेली. पोरगी मोठी झाली की दाखवायची, चौकटीत बसवून भिंतीला लावायची, असं तिने आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं. तिने पोरीच्या पायातून मोजे काढले, हातात धरले.

"एक देते आणि एक ठेवते," ती म्हणाली.

"तिच्या पोराला एक पाय हाय का?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "आजी, अहो..." पण नातसून हसली. मग थोडा वेळ तिने ते मोजे उलटसुलट करून बघितले. बोटांकडचा भाग मळकट झाला होता, दुधाचा एक पिवळा डाग धुऊनही गेला नव्हता. तिने दोन्ही मोजे एकात एक घातले आणि जतच्या बाईच्या हातात दिले.

"धुऊन घाला हं," ती म्हणाली.

"धुतल्याशिवाय घालूच देणार नाही मी," सिस्टर दारातून म्हणाली.

जतच्या बाईने ते पदराच्या टोकाला बांधले. नवी जोडी परत द्यायला लागली. मी म्हटलं, राहू दे, वाळायला टाकशील तवा दुसरी लागंलच. तिने ती पण ठेवली.

खाली रिक्षा उभी होती. बाई पुढे सामान घेऊन बसल्या, नातसून आणि मी मागे. उन्हं चांगली वर आली होती. बाळाला दुपट्यात गुंडाळलेलं होतं, वरून शाल. पायात काही नव्हतं. आळीपाळीची दुसरी जोडी आणि मोठ्या मापाची नवी जोडी सकाळीच धुतल्या होत्या आणि त्या विश्रामबागेत गच्चीवर ओल्या होत्या. रिक्षा खड्ड्यात गेली तेव्हा दुपट्यातून एक पाय बाहेर आला. नातसुनेने तो मुठीत धरला. पुलापर्यंत धरलेला, चौकात धरलेला.

"सोड की आता," मी म्हटलं. "गरम हाय तो. घाम येईल त्याला."

"येऊ दे," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.